जेवणाच्या टेबलावरील गुणसूत्रे : डॉ. जॅनेट राउली यांचे कर्करोग संशोधन

आपल्या स्मरणिकेत धम्म, चळवळ, बाबासाहेबांचे विचार आणि मंडळाच्या कार्याचा आढावा हे विषय नेहमी असतात आणि ते असायलाच हवेत. परंतु आपल्या वस्तीतील व नात्यातील मुले-मुली आता विज्ञान शाखेकडे वळत आहेत. त्यांच्यासाठी एखाद्या शास्त्रज्ञाची ओळख करून द्यावी, असे आमच्या मनात होते. दुसरेही कारण आहे. कुणाच्या घरात रक्ताचा कर्करोग निघाला की दोन वाक्ये आजही कानावर येतात. एक, 'गेल्या जन्मीचे भोग आहेत' आणि दुसरे, 'त्या घरात सोयरीक नको, रक्तातच आहे त्यांच्या'. ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील शिकागो शहराच्या डॉ. जॅनेट राउली यांच्या संशोधनाची हकीगत वाचावी. आम्ही कला शाखेचे पदवीधर. प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलेले नाही. तेव्हा जे वाचून समजले तेवढेच साध्या भाषेत मांडतो. विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढचे स्वतः वाचावे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. पेशी दुभंगण्याच्या वेळी ती सूक्ष्मदर्शकाखाली आखूड काड्यांसारखी दिसतात. या काड्यांमध्ये डीएनएचा धागा गुंडाळलेला असतो आणि त्या धाग्यावर जनुके, म्हणजे शरीराला द्यायच्या सूचना, ओळीने लिहिलेल्या असतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६, म्हणजे २३ जोड्या. आज आठवी-नववीचा विद्यार्थीही हे सांगेल, पण ही संख्या नक्की झाली ती १९५६ साली. त्यापूर्वी अनेक वर्षे ती ४८ आहे असे पाठ्यपुस्तकांतून शिकविले जात होते. गुणसूत्रे आकाराप्रमाणे ढोबळमानाने मोठ्याकडून लहानाकडे क्रमांक देऊन मांडतात. १ क्रमांकाचे सर्वांत मोठे, २१ आणि २२ अगदी चिमुकली. या लेखात ९ आणि २२ हे दोन क्रमांक लक्षात ठेवावेत.

रक्तपेशी हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. तेथील एखादी पेशी बिघडून पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागल्या की त्याला रक्ताचा कर्करोग म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. काही झपाट्याने वाढतात, काही सावकाश. सावकाश वाढणाऱ्यांपैकी एकाला डॉक्टर मंडळी 'सीएमएल' म्हणतात. यात माणूस महिनोन् महिने नुसता थकत जातो, वजन उतरते, डाव्या कुशीत पाणथरी वाढून पोट जड वाटते. काही वर्षे असे रेंगाळून मग रोग एकाएकी उसळतो आणि त्यानंतर रुग्ण फार काळ राहत नाही, अशी या आजाराची पूर्वीची रीत होती.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांनी सीएमएलच्या रुग्णांच्या पेशी तपासल्या. नॉवेल यांनी काचपट्टी साध्या नळाच्या पाण्याने धुतली होती. त्या पाण्याने पेशी फुगल्या आणि आतील गुणसूत्रे सुटी होऊन पसरली, म्हणून ती नीट मोजता आली. त्यांना दिसले की या रुग्णांच्या बिघडलेल्या पेशींत चिमुकल्या गुणसूत्रांपैकी एक नेहमीपेक्षाही आखूड आहे. हीच खूण एकामागून एक रुग्णात दिसू लागली. शहराच्या नावावरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' असे नाव पडले. कोणत्याही कर्करोगात कायम आढळणारी ही पहिली गुणसूत्रीय खूण होती. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ सालीच गुणसूत्रांतील बिघाडातून कर्करोग उद्भवत असावा असा तर्क मांडला होता. त्याला प्रत्यक्ष आधार मिळाला तो असा, ४६ वर्षांनी.

पण शास्त्रज्ञांना हे पटले का? बहुतेकांना नाही. कर्करोगाच्या पेशीत अनेक गुणसूत्रे तुटलेली, वाढलेली, हरवलेली दिसतात. तेव्हा हा मोडतोडीचा पसारा म्हणजे रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. घर जळाल्यावर राख दिसते, म्हणून राखेने आग लागली असे कोणी म्हणत नाही. आक्षेप वाजवी होता. आपण प्रतीत्यसमुत्पाद मानणारे लोक. अमुक असेल तर तमुक होते, अमुक नसेल तर तमुक होत नाही, हे कार्यकारणाचे सूत्र आपल्याला वंदनेइतकेच परिचयाचे आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. एक काढून घेतली असता दुसरी थांबते का, हे पाहावे लागते. या एका प्रश्नाचा निकाल लागायला पुढे ३० वर्षे गेली आणि त्या वाटेवरचे सर्वांत मोठे पाऊल राउली बाईंचे आहे.

जॅनेट डेव्हिसन यांचा जन्म ५ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. शिक्षण शिकागोत. वयाच्या १५ व्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या शिकागो विद्यापीठाच्या महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९४४ साली पदवीधर झाल्या. त्यानंतर वैद्यकीय शिक्षणासाठी निवड झाली, पण प्रवेश लगेच मिळाला नाही. ६५ विद्यार्थ्यांच्या वर्गात मुलींसाठी फक्त ३ जागा होत्या आणि त्या भरून गेल्या होत्या. म्हणून त्यांना नऊ महिने थांबावे लागले. येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे 'कोटा' म्हटले की मागे ठेवलेल्यांना आत येण्यासाठी उघडलेले दार, असा अर्थ होतो. ती किमान हमी असते, त्याहून अधिक जागा गुणवत्तेवर मिळविण्याची मुभा असतेच. त्या काळच्या तिकडच्या कोट्याचा अर्थ बरोबर उलटा होता. तीनच मुली घ्यायच्या, चौथी कितीही हुशार असली तरी बाहेर. शब्द तोच, पण एक दार उघडणारा आणि दुसरा दार लावून घेणारा. आरक्षणाच्या वादात ज्यांना हे दोन अर्थ एकच वाटतात त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

१९४८ साली त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड राउली या सहाध्यायी डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला. पुढे चार मुलगे झाले. मुले लहान असेपर्यंत आठवड्यातून काही दिवसच काम करायचे, असे त्यांनी ठरविले. सर्वांत धाकटा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत त्यांनी पूर्ण वेळ नोकरी केलीच नाही. आमच्या मते या चरित्रातील हा भाग आपल्या मुलींनी आणि त्याहून अधिक मुलींच्या आई-वडिलांनी व सासू-सासऱ्यांनी नीट वाचण्यासारखा आहे. बारावीला चांगले गुण मिळविलेली, बी.एस्सी. झालेली मुलगी लग्नानंतर दोन-चार वर्षे घरी राहिली की 'आता काय उपयोग' म्हणून तिची प्रमाणपत्रे पेटीत जातात. राउली बाईंचा जगप्रसिद्ध शोध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ४८ होते.

या अर्धवेळ कामातच त्यांच्या संशोधनाचे बीज पडले. शिकागोतील एका दवाखान्यात त्या मतिमंद मुलांवर उपचार करीत. त्यांत डाउन सिंड्रोम या जन्मजात अवस्थेची मुले पुष्कळ असत. १९५९ साली पॅरिसच्या झेरोम लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या मुलांच्या पेशीत २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात. एका जादा काडीने एवढा फरक पडतो, हे वाचून राउली बाईंचे लक्ष गुणसूत्रांकडे वळले. १९६१ साली पतीला वर्षभरासाठी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला जायचे होते. बाईही गेल्या आणि तेथे पेशी दुभंगताना गुणसूत्रांची नक्कल कशी होते याचा अभ्यास शिकून आल्या.

परत आल्यावर त्या शिकागो विद्यापीठातील रक्तविकारतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांच्याकडे गेल्या. मागणी काय केली? एक सूक्ष्मदर्शक, छायाचित्रे धुण्यासाठी एक अंधारी खोली आणि मुले सांभाळणाऱ्या बाईचा पगार निघेल एवढे वेतन. जेकबसन यांनी वर्षाला ५,००० डॉलर देऊ केले. त्यांनीच आपल्या रक्तकर्करोगाच्या रुग्णांच्या काचपट्ट्या बाईंना तपासायला दिल्या. पुढे दहा वर्षे बाई त्या काचपट्ट्या पाहत राहिल्या आणि खरे सांगायचे तर हाती फारसे काही लागले नाही. कारण सरळ होते. त्या काळच्या रंगाने गुणसूत्रे सगळी एकसारखी गडद दिसत. लांबी सारखी असली तर ८ कोणते आणि ९ कोणते हे खात्रीने सांगता येत नसे.

ही अडचण स्वीडनमध्ये सुटली. स्टॉकहोमचे टॉर्बजॉर्न कॅस्परसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास क्विनॅक्रिन हे द्रव्य वापरून गुणसूत्रे रंगविली. क्विनॅक्रिन हे मुळात हिवतापावरचे औषध. त्या रंगाने गुणसूत्रांवर उजळ आणि अंधूक पट्टे दिसू लागले आणि प्रत्येक गुणसूत्राची पट्ट्यांची ठेवण वेगळी असल्याचे कळले. लुगड्याच्या काठावरून ते कोठले हे जाणती बाई सांगते, तसे पट्ट्यांवरून गुणसूत्राचा क्रमांक सांगता येऊ लागला. राउली बाई तेव्हा पुन्हा वर्षभर ऑक्सफर्डला होत्या. हे तंत्र त्या तेथे शिकल्या.

शिकागोला परतल्यावर कामाची पद्धत अशी असे. प्रयोगशाळेत पेशींची छायाचित्रे काढायची, मोठी करून छापायची आणि घरी आणायची. मग जेवणाच्या टेबलावर बसून कात्रीने एकेक गुणसूत्र कापायचे, जोड्या लावायच्या आणि क्रमाने मांडायचे. मुले आईची थट्टा करीत की आई कागदी बाहुल्या कापून खेळते. त्या टेबलावर १९७२ साली त्यांना पहिली गोष्ट दिसली. झपाट्याने वाढणाऱ्या एका प्रकारच्या रक्तकर्करोगात ८ आणि २१ या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले गेले होते. नंतर त्यांनी सीएमएलच्या रुग्णांची छायाचित्रे काढली. फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणजे २२ क्रमांकाचे आखूड झालेले गुणसूत्र. सर्वांची समजूत होती की त्याचा तुकडा तुटून नाहीसा झाला आहे. बाईंना दिसले की ९ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या टोकाला एक जादा तुकडा चिकटलेला आहे.

बँकेत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. संध्याकाळी हिशेबाचा ताळा जुळत नाही, एका खात्यात रक्कम कमी पडते, तेव्हा अनुभवी कारकून रक्कम गेली म्हणून हातपाय गाळत नाही. तेवढीच रक्कम दुसऱ्या कोणत्या खात्यावर जादा पडली आहे, हे तो शोधतो. २२ च्या खात्यातून जेवढे कमी झाले होते, सुमारे तेवढेच ९ च्या खात्यावर जमा होते. एका रुग्णात असे दिसले असते तर योगायोग म्हणता आले असते. बाईंनी एकेक करून इतर रुग्ण तपासले. त्यांच्यातही तेच. मग हिवतापाच्या जंतूंसाठी दवाखान्यात वापरतात तो गिम्सा रंग निराळ्या पद्धतीने वापरून त्यांनी खातरजमा करून घेतली आणि जून १९७३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ९ चाही एक बारीक तुकडा उलट २२ वर जातो, म्हणजे देवाणघेवाण दुतर्फा आहे, हे पुढे १९८२ साली जनुकांच्या पातळीवर सिद्ध झाले.

या शोधाचे महत्त्व ध्यानात घ्यावे. मोडतोड कशीही, कुठेही होत असती तर तिला परिणाम म्हणता आले असते. पण निरनिराळ्या रुग्णांत नेमके तेच दोन तुकडे त्याच दोन गुणसूत्रांमध्ये बदलले जातात, याचा अर्थ त्या सांध्यावरच काहीतरी घडत असले पाहिजे. बाईंनी हाच मुद्दा लावून धरला. तरी अनेकांना शंका होत्याच. १९७७ साली त्यांनी आणखी एका रक्तकर्करोगात १५ आणि १७ या गुणसूत्रांची अदलाबदल दाखवून दिली. या तिसऱ्या उदाहरणाची पुढची हकीगत मोठी मनोरंजक आहे. त्या विशिष्ट कर्करोगात रक्तस्राव होऊन रुग्ण थोड्या दिवसांत दगावत असे. चीनमधील शांघायच्या डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वापासून बनविलेले एक औषध या रुग्णांना दिले आणि १९८८ साली २४ रुग्णांवरील निष्कर्ष जगापुढे ठेवले. रोग ओसरला होता. नंतर उलगडले की १७ क्रमांकावर जे जनुक तुटते ते अ जीवनसत्त्वासारख्या द्रव्याला प्रतिसाद देणारे जनुकच आहे. औषध आधी सापडले आणि ते का चालते याचा जबाब गुणसूत्रांनी दिला.

आता पुन्हा ९ आणि २२ कडे. १९८० नंतर जनुके वाचण्याचे तंत्र आले आणि त्या सांध्यावर नेमके काय होते ते कळले. ९ वर 'एबीएल' नावाचे जनुक आहे. उंदरांना कर्करोग करणाऱ्या एका विषाणूमुळे ते आधीच माहीत झाले होते. हे जनुक एक विकर तयार करते. पेशीला 'आता दुभंग' असा संदेश पुढे पोहोचविणाऱ्या साखळीतील ही एक कडी. एरवी हे विकर गरजेपुरतेच चालू होते आणि बंद होते. अदलाबदलीत ते २२ वरील 'बीसीआर' जनुकाला जाऊन चिकटते आणि दोघांचे मिळून एक जोड-प्रथिन बनते. त्याला बंद होणे ठाऊकच नाही. दारावरच्या घंटेचे बटण आत रुतून बसावे आणि कोणी आलेले नसताना घंटा वाजतच राहावी, तशी ही अवस्था. पेशी दुभंगतच राहते. १९९० साली अमेरिकेत डेव्हिड बाल्टिमोर आणि सहकाऱ्यांनी हे जोड-जनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातले, तेव्हा उंदरांना सीएमएलसारखाच कर्करोग झाला. राख की आग, या वादाचा तेथे निकाल लागला.

कारण सापडले की ते काढून घेण्याचा मार्ग शोधता येतो. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमन यांच्या गटाने अशा विकरांना अडविणारी द्रव्ये तयार केली होती. ऑरेगन राज्यातील डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी १९९३ नंतर त्यांतील एक द्रव्य सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिले. बिघडलेल्या पेशी मेल्या, चांगल्या पेशींना धक्का लागला नाही. १९९६ साली ही कंपनी दुसरीत विलीन होऊन नोव्हार्टिस झाली. रुग्ण थोडे, मग औषधाचा खर्च निघणार कसा, अशी कंपनीत धाकधूक होती. ड्रुकर मागे लागले आणि जून १९९८ मध्ये माणसांवर पहिल्या चाचण्या सुरू झाल्या. पुरेशी मात्रा मिळालेल्या, नेहमीच्या औषधाने गुण न आलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. कर्करोगाच्या औषधांत असा आकडा यापूर्वी क्वचितच कोणी पाहिला असेल. रुग्णांनी सह्यांचे निवेदन कंपनीला धाडले की औषध लवकर बनवा. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. औषधाचे नाव इमॅटिनिब, कंपनीचे नाव ग्लिव्हेक. रोज तोंडाने घ्यायची गोळी. हे औषध घेणाऱ्या नव्या रुग्णांपैकी ५ वर्षांनंतर ८९ टक्के हयात होते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

राउली बाईंना १९९८ साली लास्कर पुरस्कार मिळाला, त्यात पीटर नॉवेल आणि आल्फ्रेड नुडसन त्यांचे सहभागी होते. २००९ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०१२ साली ड्रुकर आणि लायडन यांच्यासमवेत त्यांना जपान पुरस्कार मिळाला, म्हणजे छायाचित्रे कापणारी, रसायन बनविणारा आणि रुग्णाला गोळी देणारा, असे तिघे एका व्यासपीठावर आले. नोबेल मात्र मिळाले नाही. ते मिळायला हवे होते असे आमचे मत आहे, पण असो. उतारवयातही त्या सायकलवरून विद्यापीठात जात. १७ डिसेंबर २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, बीजाशयाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या रोगावर आयुष्य वेचले त्याच्याच एका प्रकाराने त्या गेल्या. त्यांच्या कर्करोगावर अशी गोळी नव्हती.

ही कहाणी अमेरिकेत संपत नाही, तिचा एक अध्याय चेन्नई, मुंबई आणि दिल्लीत घडला. आपल्या देशात १९७२ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे औषधाच्या पदार्थावर एकस्व, म्हणजे पेटंट, मिळत नसे, फक्त ते बनविण्याच्या कृतीवर मिळे. त्यामुळे आपल्या कंपन्या निराळ्या कृतीने तीच औषधे स्वस्तात बनवीत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली हा कायदा बदलावा लागला. बदलताना संसदेने कलम ३(ड) मध्ये एक अट घातली. माहीत असलेल्या औषधाचे नुसते नवे रूप पुढे आणून एकस्व मागता येणार नाही. त्या रूपाने गुण अधिक येतो हे दाखवावे लागेल. नोव्हार्टिसने १९९८ साली चेन्नईत इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी अर्ज केलेला होता. या अर्जाला ज्यांनी हरकत घेतली त्यांत आपल्या मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्था होती. २००६ साली अर्ज फेटाळला गेला. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले.

यात नेमके काय पणाला लागले होते ते आकड्यांत पाहावे. कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये. भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा त्या वेळी ८,००० ते १०,००० रुपये. आणि गोळी वर्षानुवर्षे घ्यायची. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याच्या, रिक्षाचालकाच्या, शेतमजुराच्या घरात पहिला आकडा म्हणजे औषध नाही असेच समजायचे. दुसरा आकडाही जड आहे, पण त्याची जुळवाजुळव तरी करता येते. कंपनीची बाजू अशी होती की ती बहुसंख्य भारतीय रुग्णांना औषध मोफत देते आणि एकस्वाचे संरक्षण नसेल तर नवे संशोधन कोण करील? मोफत औषध अनेकांना मिळाले, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु ज्या जीवावर आपला जीव अवलंबून आहे तो दुसऱ्याच्या मर्जीवर असणे आणि ते औषध हक्काने दुकानातून घेता येणे, यांतला फरक आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. शिवाय मूळ शोध ज्या पायावर उभा आहे ती गुणसूत्रे एका विद्यापीठातील अर्धवेळ पगारावरच्या बाईने कापलेली होती, हे हिशेबात धरायला हवे. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी आहे, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो.

आता सुरुवातीच्या दोन वाक्यांकडे. फिलाडेल्फिया गुणसूत्र माणूस जन्माला येताना घेऊन येत नाही. ते त्याच्या हयातीत, अस्थिमज्जेतील एका पेशीत, पेशी दुभंगताना झालेल्या चुकीतून निर्माण होते आणि त्या एका पेशीच्या वंशातच राहते. आई-वडिलांकडून ते आलेले नसते आणि मुलांकडे जात नाही, कारण बीजपेशींत ते नसतेच. अणुबॉम्बसारख्या तीव्र किरणोत्साराने हा धोका वाढतो हे हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांवरून कळले आहे. बहुतेक रुग्णांत मात्र कोणतेही बाहेरचे कारण सापडत नाही. म्हणून सीएमएल झालेल्या माणसाच्या मुलीची किंवा भावाची सोयरीक त्या कारणाने नाकारणे हा निव्वळ अन्याय आहे. एकत्र जेवल्याने, एका खोलीत राहिल्याने तो लागत नाही. राहता राहिले गेल्या जन्मीचे भोग. मागील जन्मीचे कर्म वारशाने या जन्मी येते हा बुद्धाचा सिद्धांत नव्हे, असे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. कारण ९ आणि २२ च्या सांध्यावर आहे हे माहीत झाल्यावर ते गेल्या जन्मात शोधायला जाण्याचे प्रयोजन उरत नाही, आणि बुवा-भगताकडे गेलेले महिने रोग उसळायला पुरतात.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. 'रक्ताचा कॅन्सर' एवढ्या शब्दावर थांबू नये. कोणता प्रकार, हे डॉक्टरांना विचारावे, कारण ही गोळी सर्व रक्तकर्करोगांवर चालत नाही. बीसीआर-एबीएल तपासणी झाली आहे का, ते विचारावे आणि तिचे सर्व अहवाल तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून ठेवावेत, कारण आकडा खाली जातो आहे की वर, यावरच पुढचे औषध ठरते. बरे वाटू लागले म्हणून किंवा पैसे संपले म्हणून गोळी मध्येच सोडू नये. रोग परत येतो आणि कधी कधी त्या गोळीला दाद देईनासा होतो. अनेक वर्षे आकडा अगदी खाली राहिलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर बंद करून पाहतात हे खरे, पण तो निर्णय त्यांचा आणि त्यानंतरही तपासणी चालूच ठेवावी लागते. गोळी पहिल्याइतका गुण देईना तर त्याच जातीची पुढची औषधे उपलब्ध आहेत. स्त्रीरुग्णाने दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अगत्याचे आहे, कारण गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर मोठ्या सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. त्यांच्याकडे पहिल्याच आठवड्यात जावे, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर न्यावा.